सुईपासून विमानापर्यंत

"विमान? मिळंल की! त्यात काय एवढं?"

न्हावऱ्याच्या एसटीडी बूथमधून शाकीरनं हे वाक्य फोनवर ठणकावून सांगितलं आणि बाहेर नंबर लावून उभी असलेली चार माणसं आपापला फोन विसरली. शाकीर मात्र निवांत! जणू पलीकडच्यानं पावशेर मिरच्या मागितल्या होत्या.

पलीकडे मुंबईच्या करुणा मॅडम होत्या. टीव्हीच्या मालिकांमध्ये जे जे दिसतं ते ते गोळा करायचं, हे त्यांचं काम. नवी मालिका होती साठ-पासष्ट सालातल्या एका वैमानिकाची.

"शाकीरभाई, नीट ऐका. जुनं जेट विमान हवंय. प्रवासी. त्या काळातलं. आणि मुख्य म्हणजे उडण्याच्या स्थितीतलं. सगळीकडे विचारून दमले मी."

"मॅडम, तुम्ही दमायचं न्हाई. दमायला आम्ही हाय ना!"

"मग पुढच्या रविवारी बघायला येऊ?"

"या की! डबे आणू नका, जेवायची सोय करतो."

तर मंडळी, शाकीरचा धंदाच असा. घरावर पत्र्याचा बोर्ड: 'शाकीर फिल्म सप्लायर्स. सुईपासून हत्तीपर्यंत काहीही मिळेल.' तीन वर्षांत त्यानं शूटिंगवाल्यांना बैलगाड्या पुरवल्या, अठ्ठेचाळीस सालची जीप पुरवली, लाथ न मारणारी घोडी पुरवली, आणि एका मालिकेतल्या मयतीला मोठ्यानं रडणाऱ्या ऐंशी बायकासुद्धा पुरवल्या. हत्ती मात्र एकदाच मागितला गेला. तो येता येता शिरूरच्या बाजारात केळीच्या हातगाडीपाशी थांबला तो थांबलाच. शूटिंग उरकून मंडळी मुंबईला पोचली तरी हत्ती शिरूरलाच होता.

त्या हत्तीनं घात केला. शाकीरचे सासरे रहीममामू यांचा दौंडला गादी कारखाना. कारखाना म्हणजे एक गाळा, एक कापूस पिंजायचं मशीन आणि स्वतः मामू. त्यांना एकुलती एक लेक जास्मिन, म्हणून जावयानं गादीवर बसावं, म्हणजे गादीच्या धंद्यात बसावं, एवढीच त्यांची इच्छा. हत्तीनंतर मामूंनी निरोप धाडला होता: आता एकदा जरी शब्द खोटा झाला, तर बोर्ड खाली उतरवायचा आणि सोमवारपासून दुकानात यायचं. जावईबापूंनी भर चौकात, चार माणसांपुढं, हो म्हटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सासऱ्याचं चालतं दुकान मिळतंय तर नको कशाला? अहो, शाकीरला कापूसच सोसत नव्हता! घरात कुणी उशी झटकली तरी त्याला सलग अकरा शिंका. लग्नात मामूंनी मांडवात येऊन गळाभेट घेतली, त्यांच्या सदऱ्याला कापूस चिकटलेला, आणि नवरदेवाला तीनदा 'कुबूल' म्हणायला पाव तास लागला. जन्मभर त्या गाळ्यात बसायचं या कल्पनेनंच त्याच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा.

पण आज गडी रंगात होता. बूथवरून थेट म्हाळू पेंटरकडे गेला आणि बोर्डावरचा हत्ती खोडून तिथं विमान लिहायला सांगितलं. सुईपासून विमानापर्यंत!

जास्मिननं बोर्ड वाचला. "अवो, विमान आणणार कुठनं?"

"दौंडात चौकशी करतो."

"दौंडात रेल्वे मिळती. विमान न्हाई."

"बघच तू!"

"बघते की. तोवर नाकाला बांधायला दोन रुमाल शिवून ठिवते," जास्मिन म्हणाली आणि शांतपणे भाकऱ्या थापायला बसली.

दौंडला रेल्वे लायनीपलीकडं पोपटआप्पा राहायचे. विमानांच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आता रिटायर. माणूस असा काटेकोर, की चहात साखर घालतानासुद्धा चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचे.

"आप्पा, उडण्याजोगं जुनं जेट पायजे."

आप्पांनी चष्मा पुसला. "उडण्याजोगं कुणी ठरवायचं, शाकीर? प्रत्येक विमानाची तपासणी होती. नट न् नट बघत्यात. मग जबाबदार माणूस सही करतो आन् सर्टिफिकेट मिळतं. त्याबिगर ते जमिनीवरनं हलत न्हाई."

शाकीरचा चेहरा उजळला. "म्हंजी पासिंग!"

"पासिंग न्हाई रे..."

"पासिंगच की आप्पा! मला वाटलं काय अवघड हाय!"

इथंच सगळं बिनसलं. कारण पासिंगची विद्या शाकीरला तोंडपाठ. आपल्याकडं जुना टेम्पो पासिंगला निघाला की तो स्वतःच्या टायरांवर कधी जातो का? टायर मेव्हण्याच्या टेम्पोचे, बॅटरी ट्रॅक्टरची, आरसे शेजाऱ्याचे, आणि वरून ताज्या रंगाचा हात. टेम्पो मैदानात एक चक्कर मारतो, सही होते, आणि सांजच्याला ज्याचं त्याला परत! म्हणजे गाडी चालण्याचा आणि पास होण्याचा काही संबंध नसतो, हे ज्ञान शाकीरला मिसरूड फुटायच्या आधीपासून होतं.

"विमान तेवढं सांगा आप्पा. पासिंगचं मी बघतो."

"आपल्या भागात एकच विमान हाय," आप्पा थट्टेनं म्हणाले. "केडगावच्या भिमाजीचं. त्यात कांदा भरलाय."

"झालं तर मग!"

आप्पा काही बोलायच्या आत शाकीरची राजदूत फटफटी केडगावच्या दिशेनं सुटली होती.

भिमाजीचं विमान खोटं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यानं मुंबईच्या एका लिलावात ते घेतलं होतं. हायवेला लावून आत हॉटेल काढायचं, हा विचार. तीन ट्रेलरवरून धड, पंख आणि शेपूट असं सगळं आलं, दौंडच्या फॅब्रिकेटरनं ते नटबोल्टांनी पुन्हा जोडलंही. हॉटेलची परवानगी मात्र काही येईना. मग खिडक्यांच्या काचा काढल्या, वारा खेळता झाला आणि भिमाजीच्या लक्षात आलं, की एवढी झकास कांदाचाळ आख्ख्या तालुक्यात नाही. खुर्च्या काढून आत फळ्यांचे कप्पे केले. पुढची वैमानिकाची खोली तेवढी जशीच्या तशी होती, घड्याळं, दांडे, सगळं. कांदा तिथं मावत नव्हता म्हणून.

"ने की बाबा दाखवायला," भिमाजी म्हणाला. "पण कांदा हलवायचा न्हाई. भाव येईस्तवर एक गोणीसुद्धा भाईर निघणार न्हाई."

"न्हाई हलवत."

"आन् पंखावरल्या कुरडयांना हात लावायचा न्हाई!" आतून भिमाजीची बायको धुरपदा ओरडली. मे महिना होता. डाव्या पंखावर पांढरं धोतर अंथरून तिनं कुरडया घातल्या होत्या, उजव्यावर सांडगे. दिवसभर ऊन लागणारी एवढी ऐसपैस जागा दुसरी होती कुठं?

शाकीरनं कबूल केलं आणि पाच दिवस राबला. चाकांत हवा भरायला पंक्चरवाला आणला. नाकावर ट्रकचे दोन दिवे बसवले, पंखांच्या टोकांना पिवळे इंडिकेटर. कर्कश हॉर्न बसवला. दारामागं प्रथमोपचार पेटी अडकवली. पासिंगला ती आधी विचारतात! मग म्हाळू पेंटर चढला. त्यानं जन्मभर ट्रकच रंगवलेले. विमानाच्या नाकावर 'आईचा आशीर्वाद', पोटाला पिवळे-काळे पट्टे, शेपटीवर कमळं, मोर आणि खाली ठळक अक्षरांत: 'अंतर ठेवा. वेगमर्यादा ताशी ४०.'

शनिवारी पोपटआप्पा बघायला आले. विमानाभोवती दोनदा फिरले. तिसऱ्यांदा फिरताना ते पाठीमागं हात बांधून थांबले.

"आप्पा, हितं एक सही लागती."

आप्पांचा आवाज बदलला. "शाकीर, तीस वर्षं माझ्या सहीवर माणसं आभाळात बसली. लेकुरवाळ्या बाया बसल्या. आजवर एकजण खाली पडला न्हाई. ती सही मी कांद्यावर करू व्हय?"

शाकीर वरमला. पण क्षणभरच. "बरं, मग नुसतं उभं तरी ऱ्हावा. तुमच्याकडं बघून वजन पडतं."

"वजन कुठं पडतंय तेच बघतोय मी," आप्पा म्हणाले. त्यांनी विमानाच्या मागच्या भागाकडं एकदा बघितलं, पण शाकीर तोवर हॉर्न वाजवून बघायला गेला होता.

रविवारी करुणा मॅडम जीपमधून उतरल्या. विमान बघून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"हे... रंगवलंय?"

"कालच! ओला हाय अजून, साडी सांभाळा."

"शाकीरभाई, मी जुनं मागितलं होतं. जुनं दिसणारं."

"जुनंच हाय मॅडम! वरनं दिसत न्हाई एवढंच. आत चला."

आत पाऊल टाकलं आणि मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मे महिन्यातला ठासून भरलेला कांदा तो! शाकीरला मात्र भरून आलं. तीन वर्षांत त्यानं इतकी माणसं रडवली, पण सामान बघून कलादिग्दर्शकच रडायला लागली, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"आवडलं न्हवं?" त्यानं हळूच विचारलं.

"आत काय भरलंय?" त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

"माल हाय थोडा. पुढं बसा."

पुढच्या खोलीत मात्र त्या खरंच हरखल्या. तीच घड्याळं, तेच दांडे, तीच चामड्याची खुर्ची. बसल्या, एक दांडा ओढून बघितला. "हे अप्रतिम आहे! पण शाकीरभाई, हे उडतं?"

आता किंवा कधीच नाही! शाकीरनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "भिमाजीदादा, एक चक्कर होऊ द्या!"

बेत सोपा होता. चाकाखालचे दगड काढायचे, ट्रॅक्टरला साखळी बांधायची आणि विमान वावरात वीस पावलं ओढायचं. पासिंगला यापेक्षा जास्त कुणी बघत नाही. भिमाजीनं क्लच सोडला. साखळी ताणली गेली. सहा वर्षं एका जागी बसलेलं विमान कुरकुरलं, एक हिसका बसला आणि ते चक्क हललं!

"चाललं!" शाकीर ओरडला आणि त्यानं हॉर्न दाबला.

त्या हिसक्यानं आतली पहिली फळी निसटली. पहिल्या कप्प्यातला कांदा दुसऱ्या कप्प्यावर गेला, दुसरी फळी गेली. मग तिसरी. गडगड गडगड करत सगळा कांदा शेपटीकडं पळाला. साखळी कट्‌कन तुटली, शेपूट धप्पकन जमिनीला टेकलं आणि विमानाचं नाक, आईच्या आशीर्वादासकट, सावकाश वर वर निघालं. शाकीर आणि मॅडम त्या नाकात.

"उडालं! उडालं!" बांधावरची पोरंटोरं नाचायला लागली.

"माझ्या कुरडया!" धुरपदा धावली. पंखावरून कुरडयांचा पाऊस पडत होता.

"दादा, कांदा भाईर काढा!" कुणीतरी सुचवलं.

"भाव आला का?" भिमाजीनं ट्रॅक्टरवरूनच विचारलं.

पोपटआप्पा आंब्याच्या सावलीत हातांची घडी घालून उभे होते. "मी सही केली न्हवती," एवढंच ते म्हणाले.

वरती दोघं खुर्च्यांत मागं रेलून आभाळाकडं तोंड करून बसले होते, दाढी करायला बसल्यासारखे. मॅडमचे डोळे अजून वाहत होते. खाली कुणाला कळलं नसेल, पण शाकीरला कळलं होतं, की आपला बोर्ड उतरला.

"मॅडम, तुम्हाला खोटं सांगितलं," तो म्हणाला. "हे उडत न्हाई. ह्यात कांदा हाय. मी पाच दिवस रंग देत बसलो, पण एकदा तरी तुम्हाला फोन करून खरं सांगायला पायजे होतं. शरम वाटती मला."

मॅडम समोरच्या काचेकडं बघत होत्या. "शाकीरभाई, तुम्हाला काय दिसतंय?"

"काय न्हाई. नुसतं आभाळ."

"केडगाव दिसत नाही."

"न्हाई."

"जमीनच दिसत नाही! म्हणजे उडतंय असंच वाटेल!" त्या एकदम ताठ बसल्या. "पण हे असं कोरडं ठक्क आभाळ काय कामाचं? ढग तरी हवेत ना चार!"

"मे महिन्यात ढग कुठनं आणू मॅडम?" शाकीर कळवळून म्हणाला. सुईपासून विमानापर्यंतच्या माणसावर ही वेळ आली होती.

तेवढ्यात खालून ओळखीची हाक आली. "जावईबापू! वर काय करताय?"

रहीममामू! केडगावातल्या एका लग्नघरी गाद्या पोचवायला टेम्पो घेऊन निघाले होते, वाटेत जावयाचं विमान बघावं म्हणून वळले. मामूंनी परिस्थिती बघितली, जराही घाबरले नाहीत आणि टेम्पोचं फाळकं पाडलं. चार माणसांनी भराभरा बारा गाद्या आणि सहा उशा विमानाच्या दाराखाली रचल्या.

"मारा उडी!"

शाकीर दारात आला. दीड माणूस उंची, ती काही फार नव्हती. पण खाली कापूस होता! बारा गाद्यांचा, ताजा पिंजलेला. तो मागं सरला.

"मामू, शिडी न्हाई का?"

"शिडी तोकडी पडती. मारा उडी! आज न्हाई तर उद्या कापसातच यायचंय तुम्हाला!"

शाकीरनं डोळे मिटले, नाक दाबलं आणि उडी घेतली. वरची गादी शिवणीवर फाटली. कापसाचा लोट असा उसळला, की जावईबापू दिसेनासे झाले. आणि मग आतून शिंक आली. पहिली, दुसरी, तिसरी... प्रत्येक शिंकेबरोबर कापसाचा एकेक पुंजका उंच उठे आणि विमानाच्या नाकावरून, मॅडमच्या काचेवरून अलगद तरंगत जाई.

"थांबा!" वरून मॅडम किंचाळल्या. "कुणीही हलू नका! ढग! अगदी असेच ढग! आणखी एक फोडा!"

"बाई, लग्नाच्या गाद्या हायत!" मामू म्हणाले. मग त्यांनी वर बघितलं. तीस वर्षं जो कापूस त्यांनी अंधाऱ्या गाळ्यात पिंजला होता, तो निळ्या आभाळात चालला होता. मामूंचा चेहरा हळूहळू बदलला. "बरं, एक उशी फोडू या," ते म्हणाले आणि स्वतःच्या हातानं उशीची शिवण उसवायला लागले.

पुढचं सांगायला फार नाही. मामूंनी रात्रीत दुसरी गादी भरून लग्न सांभाळलं. शूटिंग तिथंच झालं, चार दिवस, नाक वर केलेल्या अवस्थेतच. बाहेरून विमान दाखवलंच नाही. मॅडम म्हणाल्या, ताशी चाळीसचं विमान बघून लोक मालिका बंद करतील. कांदा शेपटीत जागच्या जागी राहिला, त्यामुळं भिमाजी खूश. धुरपदाला मुंबईहून नव्या कुरडयांसाठी गव्हाचं पोतं आलं. आणि पोपटआप्पांनी विमानाखाली जाड लाकडी टेकू लावून घेतले, चारी बाजूंनी ठोकून बघितले, आणि मग एका कागदावर लिहून सही केली: 'हे विमान हलणार नाही.'

राहिला बोर्ड.

"विमान मिळालं का न्हाई?" शाकीर जास्मिनशी भांडला.

"उडणारं सांगितलं होतं."

"नाक तर उडालं की!"

"आन् शेपूट?" जास्मिननं विचारलं.

शब्द चार माणसांपुढं दिला होता. बोर्ड उतरला.

दिवाळीनंतर मालिका लागली. न्हावऱ्याची माणसं शाकीरच्या घरात टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसली. सात सेकंद विमानाच्या काचेसमोरून ढग सरकले. शेवटी नावं सरकू लागली. शाकीर पुढं सरकून एकेक ओळ वाचत होता. वेशभूषा झाली, दिवाबत्ती झाली, जेवण झालं. आणि मग आली ती ओळ: 'ढग: रहीम गादी कारखाना, दौंड.' त्यानंतर जाहिरात लागली.

हल्ली मामूंकडं मुंबईहून फोन येतात. पांढरे ढग, पावसाळी ढग, एका पौराणिक मालिकेसाठी आख्खा स्वर्ग. मामू स्वतः जातात. त्यामुळं गाळ्यात कुणीतरी बसायला लागतंच. शाकीर बसतो. नाकाला जास्मिननं शिवलेला रुमाल, मांडीवर गादी. मामू मनाचे मोठे, त्यांनी जावयाचा जुना बोर्ड फेकून दिला नाही, दुकानावर लावून टाकला.

परवा उशी भरायला आलेल्या बानूबाईंनी नातीकडून तो बोर्ड वाचून घेतला. मग डोळ्यांवर हात धरून त्या गाळ्यात डोकावल्या.

"काय रं बाबा, सुईपासून विमानापर्यंत मिळतं म्हणं हितं?"

शाकीरनं आधी नऊ शिंका दिल्या. मग रुमाल नीट केला, दोरा ओवला आणि म्हणाला, "व्हय आजी. सध्या सुई चालू हाय."